पेन्सिलीने लिहिलेला आठवडा

मुलांनो, जरा डोळे मिटा. समजा, तुमच्या खिडकीतून समुद्र दिसतो. त्यात पोहायला लोक पार दुसऱ्या देशांतून तुमच्या दारी येतात. आणि अख्ख्या उन्हाळ्यात तुम्हाला मात्र एकदाही त्यात मनसोक्त डुंबायला मिळत नाही. आलं डोळ्यांसमोर? आता उघडा डोळे. दुन्याची गोष्ट सांगतो.

आमच्या विस नावाच्या बेटावर मे संपत आला की घरोघरी लोक आपल्या खोल्या पाहुण्यांना भाड्याने देतात आणि स्वतः खाली तळघरात, वाइनच्या पिंपांशेजारी खाटा टाकतात. दुन्याच्या पलंगावरही सप्टेंबरपर्यंत दुसरंच कुणीतरी झोपायचं. ती अकरा वर्षांची. चादरी बदलायची, अंगण झाडायचं आणि पाहुण्यांच्या पत्रांना जर्मनमध्ये उत्तरं द्यायची, ही तिची कामं. तिच्या आईला, नेवेन्काला, जर्मन वाचता येत नसे.

भिंतीवरच्या कॅलेंडरात पाहुण्यांची नावं लिहीत. ऑगस्टचा शेवटचा आठवडा मात्र आईने जानेवारीतच 'आपण' असं लिहून राखून ठेवला होता. त्या आठवड्यात तिघांनी बाबांच्या होडीतून पश्चिमेच्या खाडीत जायचं, तंबू ठोकायचा, आठ दिवस कुणाची चादर बदलायची नाही. त्या खाडीकडे जायला पायवाट नाही. बाबांनी दुन्याला पोहायला शिकवलं ते तिथेच. तिने कधीच यादी केली होती. सुके अंजीर, कंदील, पाण्यात बघायचा चष्मा. चष्म्याचा तुटलेला पट्टाही तिने स्वतः शिवला होता.

मार्चमध्ये म्युनिकहून क्रुगबाईंचं पत्र आलं. त्यांना नेमका तोच आठवडा हवा होता. दुन्याने पत्र वाचून दाखवलं आणि वर स्वतःच म्हणाली की जागा नाही असं कळवते.

आई म्हणाली, ही माणसं नऊ वर्षं येतायत, एकदा नाही म्हटलं की शेजारच्या आन्काकडे उतरतील आणि मग कायमची तिकडचीच होतील.

बाबा खिडकीशी जाळं दुरुस्त करत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "पुढच्या वर्षी जाऊ, दुन्या. नक्की."

"मागच्या वर्षीही नक्कीच होतं, बाबा."

बाबांनी जाळ्याला आणखी एक गाठ मारली. आई खोडरबर घेऊन कॅलेंडरपाशी गेली. तेव्हा कुठे दुन्याच्या लक्षात आलं. पाहुण्यांची सगळी नावं शाईने लिहिलेली होती, 'आपण' तेवढं पेन्सिलीने.

"पेन्सिलीने का लिहिलं होतंस?"

"अगं, हाताला लागली ती घेतली," आई म्हणाली आणि खोडत राहिली.

पत्रात शेवटी आणखी एक विचारणा होती. क्रुगबाईंच्या मुलीला गर्दी आवडत नाही, जिथे कुणीच येत नाही अशी एखादी जागा सुचवाल का? दुन्याने तेही वाचून दाखवलं. ते गाळायचं तिला सुचलं नाही.

"आपली खाडी सांग की त्यांना," आई म्हणाली. "बाबा सोडतील होडीने."

"तेवढी राहू दे ना, आई."

"आपण जाणारच नाही, तर ती ठेवून काय करायचंय?"

दुन्या लिहायला बसली. आठवडा रिकामा आहे, जरूर या, असं तिने लिहिलं. खाली लिहिलं, "अशी जागा आमच्या बेटावर नाही. बंदराजवळचा किनारा चांगला आहे. तिथे आइस्क्रीमही मिळतं."

आईने खांद्यावरून वाकून न कळणाऱ्या त्या ओळींकडे पाहिलं.

"खाडीचं लिहिलंस ना?"

"लिहिलं."

मग तिने नेहमीसारखं खाली आईचं नाव घातलं, पत्र पाकिटात बंद केलं, उठून शाईचं पेन घेतलं आणि खोडलेल्या चौकोनांवर ठळक अक्षरांत 'क्रुग' लिहिलं.