करंजाला टांगलेलं गाठोडं

रखमाजीने रिक्षा पोलीस चौकीच्या दारात उभी केली, मागच्या सीटवरचं लाल गाठोडं दोन्ही हातांनी उचललं आणि तो पायरीवर पाय ठेवणार, तोच आतून हवालदार सविताबाई ओरडल्या.

"थांबा! ते आत आणू नका!"

आत काय आहे ते सांगावं लागलंच नाही. लाल फडक्यात घट्ट बांधलेलं एवढंसं मडकं पाहिलं की कुणालाही कळतं. अस्थी घरात नेत नाहीत, नदीला जाईपर्यंत बाहेर झाडाला टांगून ठेवतात. चौकी म्हणजे काही घर नव्हे, पण सविताबाईंचे दिवसातले बारा तास तिथेच जात होते.

"मग ठिवू कुटं?"

"आधी सांगा, मिळालं कुठं?"

"माज्याच रिक्षात, मॅडम. तळेगावातनं पाच शिटं भरली, सोमाटणे फाट्याला समदी उतरली. झाडायला मागं गेलो तर ह्ये."

"कोण घेऊन बसलं होतं?"

"मागं कोन बसतंय ते आमी बगत न्हाई. रस्ता बगतो."

सविताबाई बाहेर आल्या. चौकीमागे जप्त केलेल्या मोटारसायकली धूळ खात पडल्या होत्या आणि त्यांच्यावर करंजाचं झाड वाकलं होतं. त्यांनी बूट काढून बाजूला ठेवले, रखमाजीच्या हातून गाठोडं घेतलं आणि एका जाडशा फांदीला टांगलं. मग पुन्हा बूट घालून त्या टेबलाशी बसल्या आणि सापडलेल्या वस्तूंची वही उघडली.

"एक मडके, लाल कापडात बांधलेले," त्या बोलत बोलत लिहू लागल्या.

"मडकं काय लिवता? मानूस हाय त्यो."

"भाऊ, माणूस लिहायला या वहीत रकाना नाही."

रखमाजीला ते पटलं नव्हतं. फाट्यावरच्या रिक्षावाल्यांनी त्याला सोपा उपाय सांगितला होता, जाता जाता पवना नदीत सोडून दे म्हणून. तो त्यांच्यावर उखडला होता. दुसऱ्याचं माणूस आपण कोण सोडणारे? तिकडे कुणीतरी जीव टांगणीला लावून बसलं असेल, आणि यांना फेरीची घाई. भला माणूस, पण रागीट. रिक्षा गोमूत्र शिंपडून धुवावी लागणार होती, नाहीतर माहितीतलं एकही गिऱ्हाईक आज तिच्यात बसलं नसतं. तरी जबाब पुरा होईस्तोवर तो हलला नाही.

जबाबाखाली सही करायला तो वाकला, तेवढ्यात पायऱ्यांवर धाप लागल्याचा आवाज आला. पांढरा सदरा घातलेले एक म्हातारे गृहस्थ दाराची चौकट धरून उभे होते. घामाने चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता.

"इथे... फाट्यावर म्हणाले, रिक्षावाला इकडे आला..."

"बसा काका, आधी बसा." सविताबाईंनी खुर्ची पुढे ओढली. "नाव काय तुमचं?"

"शरच्चंद्र परचुरे. तळेगावला असतो. बायको गेली माझी. आज दहावा. मुलगी विमानतळावरून थेट देहूच्या घाटावर यायची आहे. गुरुजी थांबलेत. मला ते... तिला घेऊन जायचंय."

सविताबाईंना वाईट वाटलं, पण वही समोर होती. उद्या दुसरं कुणी येऊन उभं राहिलं तर काय सांगणार होत्या?

"ओळख पटवावी लागेल, काका. कापड कोणत्या रंगाचं?"

"पांढरं." त्यांनी सविताबाईंच्या तोंडाकडे पाहिलं. "लाल असेल कदाचित."

"गाठ कशी होती? दोरी होती का वरून?"

"स्मशानातल्या माणसाने बांधून दिलं हो. मी नीट बघितलं नाही."

"मग पावती दिली असेल ना त्यांनी? नाव, तारीख असलेली?"

"दिली ना!" म्हाताऱ्यांनी खिसे चाचपले. एक झाला, दुसरा झाला, पुन्हा पहिला. मग हात तसाच थांबला. "ती मी... तिच्याकडे दिली."

"कुनाकडं?" रखमाजीने विचारलं.

"रजनीकडे. कागद सगळे तिच्याकडेच असतात."

सविताबाई उठल्या, करंजापाशी गेल्या, पुन्हा बूट काढले. गाठीच्या खाली, कापडाच्या घडीत, एक कागद चारदा दुमडून खोचलेला होता. त्यावर नाव होतं रजनी शरच्चंद्र परचुरे. त्या कागद घेऊन आल्या आणि काही न विचारता वहीत 'ओळख पटली' असं लिहिलं.

"पण काका, असं विसरलात कसे?" त्यांच्या आवाजात रागावणं नव्हतं.

"विसरलो नाही. फाटा आला, मी उतरलो आणि चालायला लागलो. एकोणपन्नास वर्षं मी असाच उतरतो. ती मागून येते. पिशव्या घेऊन, छत्री राहिली का बघून. आज रस्ता ओलांडला आणि म्हणालो, अगं, आटप लवकर." त्यांनी चष्मा काढला. "बोललो हो मी मोठ्याने. तेव्हा कळलं."

रखमाजी उठून बाहेर गेला आणि त्यानेच गाठोडं फांदीवरून काढलं.

"चला काका. घाटावर सोडतो."

"तुमचा धंदा..."

"ऱ्हाऊ द्या वो त्यो."

रिक्षा देहूच्या रस्त्याला लागली. गाठोडं मागच्या सीटवर म्हाताऱ्यांच्या शेजारी होतं आणि त्यावर त्यांनी हात ठेवला होता. रिक्षा घाटापाशी थांबली, तेव्हा पायऱ्यांवर चार नातेवाईक आणि मुलगी उभी होती. मुलीने लांबूनच हात वर केला.

शरच्चंद्र उतरले आणि तिच्या दिशेने चालू लागले. एक पाऊल, दोन, तीन. गाठोडं सीटवरच होतं. रखमाजीच्या ओठांवर हाक आली. का कोण जाणे, पण त्याने ती मारली नाही.

पुढच्या पावलाला म्हातारे थांबले. वळले. परत रिक्षापाशी आले आणि वाकून त्यांनी दोन्ही हात आत पुढे केले.

"ये," ते म्हणाले. "सावकाश उतर. मी थांबलोय."