दुसऱ्या हाताचं वेल्डिंग

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या अस्टोरिया गावात, नदी समुद्राला मिळायच्या जरा अलीकडे, कोळ्यांची जाळी ठेवायचं एक जुनं गोदाम आहे. त्या गोदामात, घराला लागूनच, आर्वो लेहतिनेन जुन्या व्हॅनसाठी टपावरची कॅरियर बनवायचा. नव्या गाड्यांना तो हात लावत नसे. "त्यांच्या टपाला पन्हळच नाही, धरायचं कशाला?" म्हणायचा. जुन्या व्हॅनच्या टपाला दोन्ही कडांनी पावसाचं पाणी वाहून न्यायला पत्र्याची बारीक पन्हळ असते, आणि कॅरियरचे पाय त्याच पन्हळीला घट्ट धरून उभे राहतात. ती पन्हळ प्रत्येक गाडीची वेगळी. कुठे ठोकर खाऊन वाकलेली, कुठे खाऱ्या हवेनं गंजलेली. म्हणून आर्वो दुसऱ्या गाडीचं माप कधी वापरत नसे. व्हॅन आली की आधी तो तिच्या कडेवरून नुसती बोटं फिरवायचा, मग पुठ्ठ्याचा साचा कापायचा, आणि मग पाइप वाकवायला घ्यायचा.

वेल्डिंग त्याचं, लाकूड बायकोचं. कॅरियरवर सामान ठेवायला लाकडी पट्ट्या लागतात. त्या रंधून, घासून, तेल पाजून बसवण्याचं काम व्हर्नाचं. खरं तर लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मासे डबाबंद करायचा तिचा कारखाना बंद पडला, तेव्हा आर्वोनं तिला वेल्डिंगही शिकवलं होतं. हात चांगला होता तिचा. पण लोक यायचे ते आर्वोच्या सांध्यासाठी. त्याच्या सांध्यावर माशाच्या खवल्यांसारखी एकसारखी ओळ उठायची, आणि गिऱ्हाइकं त्यावर रंगसुद्धा लावू द्यायची नाहीत. मग व्हर्नानं वेल्डिंगचा मुखवटा खुंटीला लावला तो लावलाच.

त्याचं विसरणं सुरू झालं तेव्हा दोघांनी ते हसण्यावारी नेलं. एकदा त्यानं कॅरियरचे सगळे पाय एकाच बाजूचे बनवले. "दोन डाव्या पायांचा नवरा मिळालाय तुला," तो म्हणाला. "नाचताना कळलंच होतं मला," व्हर्ना म्हणाली. मग पोर्टलंड शहरातल्या डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून आजाराचं नाव सांगितलं, आणि हसणं संपलं. परतीच्या वाटेवर आर्वो कितीतरी वेळ खिडकीबाहेर बघत होता. गाव दिसायला लागल्यावर म्हणाला, "व्हर्ना, एक कर. मला कामावरून उठवू नकोस. बाकी जे जायचं ते जाऊ दे."

"नाही उठवणार," ती म्हणाली.

शब्द देणं सोपं होतं. तो पाळायचा कसा, हे तिला कळलं ते एक तयार कॅरियर उचलताना. त्याचा एक पाय सांध्यापासून निखळून तिच्या हातातच आला. वरून खवले नेहमीसारखे सुबक होते, आतून लोखंडाला लोखंड लागलंच नव्हतं. तो तुटका पाय हातात धरून ती तिथेच खाली बसली. हेच भर रस्त्यावर झालं असतं, मागून एखादी लेकुरवाळी येत असती, तर? दिलेला शब्द एकीकडे आणि कुणाचा तरी जीव एकीकडे. दोन्ही सांभाळायचे तर एकच वाट होती. तिनं खुंटीवरचा मुखवटा काढला आणि त्याच्यावरची धूळ पुसली.

आर्वोचा धाकटा भाऊ तोइवो टेकडीवर राहायचा. त्याच्या परसात वाफेचं न्हाणीघर होतं, लाकडाच्या शेगडीवर दगड तापवायचं, त्यांच्या आजोबांनी बांधलेलं. व्हर्नानं त्याला सगळं सांगितलं. तेव्हापासून रोज दुपारी जेवणं झाली की तोइवो यायचा आणि भावाला घेऊन जायचा. ते गेले की व्हर्ना आर्वोनं सकाळी केलेले सांधे ग्राइंडरनं कापायची आणि पुन्हा जोडायची. तो यायच्या आत ठिणग्यांची राख झाडून ठेवायची.

"तुझ्या नवऱ्यानं आज मला दोनदा घासलं," तोइवो दारात उभा राहून सांगायचा. "एकदा घासलेलं विसरला. सगळी पापं धुऊन निघाली माझी."

"तुझी दोन घासण्यांत नाही निघायची. उद्या पुन्हा ने त्याला."

असं बरेच महिने निभावलं. तिचा हात पुन्हा बसला. आर्वोच्या खवल्यांशी तिचे खवले इतके जुळायला लागले की तिचे तिलाच कळेनात.

मग हॉलिस ब्रिस्कोची व्हॅन आली. हॉलिस नदीवरच्या बोटींना वाट दाखवणारा नावाडी होता, आता निवृत्त. व्हॅन त्याच्या वडिलांची, वर्षानुवर्षं कोठारात कोंबड्यांच्या ताब्यात पडलेली. टपावर वडिलांचीच लाकडी होडी बांधून त्याला किनाऱ्या-किनाऱ्यानं दक्षिणेकडे जायचं होतं. होडी लांब, व्हॅन आखूड. काम अवघड होतं, आणि आर्वो खुलला. साचे कापताना तो शीळ घालत होता. व्हर्नाला वाटलं, आजार एखादं पाऊल मागे सरकलाय.

कॅरियरचा सांगाडा उभा राहिला. एका सकाळी आर्वो कॉफीचा मग घेऊन त्याच्याभोवती फिरता फिरता पुढच्या पायाशी थांबला. खाली वाकला. अंगठ्यानं सांधा चाचपला.

"हा माझा नाही," तो म्हणाला.

व्हर्ना पट्टीला तेल लावत होती. तिचा हात थांबला. "तुझाच आहे. परवा केलास की."

"माझे खवले उजवीकडे निजतात. हे डावीकडे निजलेत. कुणी केलंय हे?"

तिला खोटं बोलवेना. "मी केलंय, आर्वो."

"तू?" तो हसला, पण ते हसू काही बरं नव्हतं. "तू पट्ट्या घासतेस. मला खुळा समजू नकोस, व्हर्ना. अजून तेवढा झालो नाही. माझ्या पाठीमागे माणूस ठेवलायस."

"कुणी नाही ठेवलेलं."

"मग हा सांधा देवानं मारला?" त्यानं हातातला मग बाकावर आपटला, कॉफी सांडली. घरात गेला आणि दार लावून घेतलं. त्या दुपारी तो तोइवोबरोबरही गेला नाही.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा त्या पायाशी जाऊन बसला. व्हर्ना त्याच्यासाठी कॉफी घेऊन आली. राग कुठल्या कुठे गेला होता. का रागावलो हेही बहुधा गेलं असावं, पण सांधा मात्र लक्षात होता.

"माणूस चांगला आहे हा," तो म्हणाला. "घाई नाही त्याच्या हाताला. लोखंड वितळायची वाट बघतो. मी असा थांबायला शिकलो तेव्हा चाळिशी उलटली होती माझी."

 इतक्या वर्षांच्या संसारात त्यानं व्हर्नाच्या वेल्डिंगला 'बरं आहे' याच्यापलीकडे कधी काही म्हटलं नव्हतं.

"डावखुरा आहे," आर्वो म्हणाला. "खवल्यांवरून कळतं. डाव्या हाताचा माणूस."

कॉफीचा मग व्हर्नाच्या डाव्या हातात होता. तिनं तो तसाच त्याच्यापुढे धरून ठेवला. त्यानं मगाकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं, मग तो घेतला, एक घोट प्याला आणि म्हणाला, "एकदा भेटव मला त्याला."

पावसाळी थंडीतली एक दुपार. तोइवोची शेगडी धुमसत होती, न्हाणीघरात धूर कोंडला आणि दोघं भाऊ लवकर परतले. वेल्डिंगच्या तडतडीत व्हर्नाला दार उघडलेलं कळलं नाही. सांधा पुरा करून तिनं मुखवटा वर केला, तर आर्वो समोर उभा. मागे तोइवो, पडलेल्या चेहऱ्याचा.

तिला वाटलं, आता झालं. काय बोलायचं ते ती जुळवत होती, तेवढ्यात आर्वोनं डोक्यावरची टोपी काढली. परक्या बाईपुढे काढतात तशी.

"तुम्हीच का त्या?" त्यानं विचारलं. "मी पुरुष समजत होतो. माफ करा."

 तोइवो काही बोलायला गेला, तिनं मान हलवून त्याला थांबवलं.

आर्वो जवळ आला, सांधा पाहिला, मान डोलावली. मग घराच्या बाजूच्या दाराकडे एकदा बघून आवाज खाली आणला. "एक विनंती आहे. माझी बायको आत असेल. तिला यातलं काही सांगू नका. तिला वाटतं, सगळं अजून मीच करतो. तिचं वाटणं तसंच राहू दे."

"नाही सांगणार," व्हर्ना म्हणाली.

"शब्द?"

"शब्द."

त्या दिवसापासून तिचे दोन जन्म झाले. गोदामात मुखवटा आणि चामड्याचा एप्रन घातलेली ती कामावरची बाई. तिच्याशेजारी आर्वो स्टुलावर बसायचा आणि शिकवायचा, आणि शिकवताना त्याला काही म्हणजे काही विसरायला होत नसे. संध्याकाळी ती एप्रन काढायची, मागच्या दारानं बाहेर पडून पावसातनं घराला वळसा घालायची आणि पुढच्या दारानं स्वयंपाकघरात यायची. तिथे ती व्हर्ना असायची. "कुठे होतीस?" तो म्हणायचा. "भिजलीस की." आणि टॉवेल द्यायचा.

एका दुपारी स्टुलावरून त्यानं विचारलं, "लग्न झालंय तुमचं?"

"हो."

"मालक काय करतात?"

"असंच काम. कॅरियर बनवतो."

"मग त्याच्याकडे सोडून माझ्याकडे कशा?"

"त्याला बरं नसतं हल्ली."

 "मग घरी जा हो," आर्वो म्हणाला. "त्याच्याजवळ बसा. लोखंड काय, उद्याही असतं."

तिनं मुखवटा खाली ओढला. सांधा समोर होता, पण तिला दिसत नव्हता. उगाच एक ठिणगी पाडली आणि बंद केली.

हॉलिसचं कॅरियर पुरं झालं. होडी वर चढली, पट्टे आवळले. हॉलिसनं चारही बाजूंनी हलवून बघितलं, होडी तसूभर सरकली नाही. तो आर्वोचा हात हातात घेऊन आभार मानायला लागला. आर्वोनं हात सोडवून घेतला.

"आभार माझे नकोत. आमच्याकडे एक बाई आहेत, काम त्यांचं. मी नुसता बघत होतो." आणि हलकेच म्हणाला, "बायकोसमोर बोलू नका हं. तिला माहीत नाही."

हॉलिसनं व्हर्नाकडे पाहिलं. ती आर्वोच्या शेजारीच उभी होती. हॉलिस जुना माणूस, पाण्याखालचा खडक न दिसताही ओळखणारा. त्यानं टोपी काढली आणि तिच्याकडे बघत म्हणाला, "त्या बाईंना माझा नमस्कार सांगा."

व्हॅन वळणाआड गेल्यावर व्हर्नानं ठरवलं, आता पुरे. नवीन काम घ्यायचं नाही. हाती असलेलं शेवटचं कॅरियर तेवढं संपवायचं.

ते संपलं त्या संध्याकाळी ती एप्रन काढून नेहमीसारखी पावसातनं वळसा घालून पुढच्या दारानं आत आली. आर्वो टेबलाशी बसला होता. वेलदोड्याचा पाव कापून ठेवलेला, दोन कप मांडलेले. तिला बघून तो अर्धवट उठला.

"तुम्ही इकडे कशा?" तो म्हणाला. "आज लवकर सुटलात?"

व्हर्ना दारातच उभी राहिली. केसांतून पाणी गळत होतं. "आर्वो," ती म्हणाली, "मी आहे. व्हर्ना."

तो जरा गोंधळला, मग समजुतीनं हसला. थट्टा केली की समोरच्याचं मन राखायला हसतात तसा. "व्हर्ना बाहेर गेलीय. येईलच इतक्यात. तुम्ही बसा."

ती बसली. त्यानं तिसरा कप काढला. व्हर्नाच्या कपाला हात न लावता तिला कॉफी ओतली, पावाचा काप पुढे केला. दोघं व्हर्नाची वाट बघत बसले. तो मधूनच उठून खिडकीशी जायचा. "इतका उशीर नाही करत कधी," म्हणायचा.

अंधारून आलं तेव्हा तोइवो चौकशीला आला. आर्वोनं त्याला दारातच गाठलं. "बरं झालं आलास. या बाईंना घरी सोडून ये. पाऊस फार आहे. मी थांबतो, व्हर्ना यायची आहे."

तोइवोनं व्हर्नाकडे पाहिलं. ती उठली, कोट घातला आणि स्वतःच्या घरातून बाहेर पडली.

गाडी टेकडीच्या वळणापर्यंत गेली. "परत फिरवू?" तोइवोनं विचारलं.

"थोडं थांब," ती म्हणाली, आणि मग ती रडली. पोर्टलंडहून आल्या दिवसापासून अडवून धरलेलं सगळं रडली. तोइवोनं गाडीचे वायपर बंद केले, काचेवर पाणी साचू दिलं आणि तोही समोर बघत बसला. इथून घराची खिडकी दिसत होती. आर्वो तिच्यात उभा होता.

"पुन्हा पुढच्या दारानं जाऊन बघ," तोइवो म्हणाला. "एरवी ओळखतो ना तसा."

ते परतले. तिनं केस पुसले, ओठांवर जरा हसू आणलं आणि बाहेरून आल्यासारखं दार उघडलं. "भिजले रे फार," ती म्हणाली.

आर्वो खिडकीपासून लगबगीनं वळला. तिला पाहिलं, आणि त्याचा चेहरा उतरला.

"या," तो म्हणाला. "बसा तुम्ही. व्हर्ना येईलच."

त्यानंतर तिला तो पुन्हा 'तू' म्हणाला नाही. पुढच्या वसंतात तो गेला. तोवर त्या बाईंनी भरवलेलं तो आभार मानून खायचा, त्यांनी हात धरला तर संकोचून सोडवून घ्यायचा, आणि खिडकीशी खुर्ची ओढून बसायचा.