गाठीला फुटलेला दात

मी एक जुनी सुरी आहे. भाजी चिरायची नव्हे, मित्रांनो. ऑपरेशन करून काढलेल्या गाठी जिथे तपासतात, त्या प्रयोगशाळेतली. पंधरा वर्षं डॉक्टरबाईंनी मला जिवापाड जपलं. मग नवी पाती आली, एकदा वापरा आणि फेका अशी. तेव्हापासून मी खोक्यांच्या दोऱ्या कापत होते.

एक दिवस चौदा वर्षांच्या एका मुलीच्या अंडाशयातून काढलेली गाठ आली. चांगली नारळाएवढी. चार महिने पोरगी पोट दुखतंय म्हणून सांगत होती. आत्या म्हणे, अभ्यासाचं नाव काढलं की दुखतं हिचं. बाबांनी तर पोट सुटलंय म्हणून तिची एक पोळी कमी केली.

मदतनीस दादांनी गाठीवर नवं पातं चालवलं आणि ते कटकन मोडलं. आत केसांचा पुंजका, आणि चक्क एक दात. काही गाठींत असं सापडतं, आणि बहुतेक वेळा त्यात भिण्यासारखं काही नसतं. पण बघ्यांची ही गर्दी जमली. शेजारचे दातांचे डॉक्टर भिंग घेऊन धावत आले.

"दाढ आहे," ते गंभीरपणे म्हणाले. "किडलेली नाही."

"म्हणजे तुमचं गिऱ्हाईक गेलं," दादा म्हणाले.

साधी गाठ, असं ठरूनही गेलं. नेहमीसारखे तपासणीसाठी दोन तुकडे काढले आणि उरलेली गाठ बादलीकडे निघाली. तेवढ्यात बाई आल्या.

"सगळी चिरली का?"

"बाई, दात सापडला. आता आणखी काय शोधायचं?"

"दात आपल्याला सापडला, दादा. दुखणं पोरीचं आहे. ती जुनी सुरी आणा."

बाई पातळ पातळ काप काढत गेल्या. मी सरसर फिरत होते. गाठीच्या भिंतीत एका जागी मात्र अडले. वाटाण्याएवढंच, पण घट्ट. बाईंचा हात थांबला. दातांचे डॉक्टर भिंग खिशात घालून हळूच सटकले.

चार दिवसांनी कळलं, तो वाटाणा म्हणजे या वयात फार क्वचित दिसणारा कर्करोग होता. पण तो गाठीच्या आतच होता, आणि गाठ न फुटता अख्खी निघाली होती. मुलीला घेऊन आई दारात उभी राहिली.

"वेळेत सापडलं ना, बाई?"

"वेळेत सापडलं. पण दर तीन महिन्यांनी तपासायला यायचं. एकदाही चुकवायचं नाही."

"चार महिने सांगत होती हो ही," आई म्हणाली आणि खालीच बसली.

मित्रांनो, मोठ्या माणसांना एक उत्तर मिळालं की ती शोधायचं सोडून देतात. वाईट नसतात, घाईत असतात. म्हणून कुठे दुखत असेल तर लाजू नका, सांगा. आईने ऐकलं नाही तर मावशीला सांगा, मावशीने हसण्यावारी नेलं तर शाळेतल्या बाईंना सांगा. कुणीतरी थांबेपर्यंत सांगत राहा.