वाढवलं का?

भुवनेश्वरी कलशेट्टीच्या पायाला त्या आठवड्यात भिंगरी लागली होती. सोलापुरात होटगी रोडला तिची आणि रेश्माची भाड्याची खोली. दोन खाटा टाकल्यावर उरलेल्या जागेत मांजरानंही फेरी मारली नसती, पण ही बाई हातात मोबाइल घेऊन दिवेलागणीपासून तिथंच येरझारा घालायची. रेश्मा नातेपुत्याची, शेतकऱ्याघरची, जेवताना फक्त जेवणारी. ती भाकरी मोडत म्हणायची, "बस की गं जरा. तुझ्याकडं बघून मलाच धाप लागाय लागलीय."

बसणार कशी? दोघींचं डिजिटल डिझाइनच्या एम.डेस.चं दुसरं वर्ष होतं आणि सोमवारी ज्युरी होती. ज्युरी म्हणजे बाहेरगावचे परीक्षक समोर बसतात, आपण वर्षभराचं काम मांडायचं आणि त्यांनी त्याची पिसं काढायची. रेश्माचं काम कधीच हातावेगळं झालं होतं. भुवनेश्वरीचं काम मात्र तिच्या डोळ्यांदेखत, मोबाइलच्या पडद्यावरून, एकेक ठिपका करत नाहीसं होत होतं.

ते काम असं. तिचं गाव मैंदर्गी, अक्कलकोटच्या पुढचं. आजूबाजूच्या वस्त्यांवरची माणसं खरेदीला मैंदर्गीच्या पेठेत येतात आणि नेमका कधी दुकानदार लग्नाला गेलेला असतो, कधी दुपारचा आडवा झालेला. कुलूप बघून माणूस शिव्या देत परत फिरतो. त्यावर हिनं ॲप केलं आणि नाव ठेवलं 'उघडं हाय का?'. दुकानदारानं सकाळी एक बटण दाबायचं, रात्री एक. दुकान चालू असलं की नकाशावर हिरवा ठिपका, नसलं की करडा. इतकं सोपं, की ते न जमायला खास प्रयत्न करावे लागतील.

पेठेला राजी केलं ते तिच्या वडिलांनी. शिवप्पांचं भांड्यांचं दुकान, माणूस जुना आणि शब्दाचा. मैंदर्गीत हिशेब मराठीत होतो आणि भांडण कानडीत; शिवप्पांनी दोन्ही भाषांत लेकीचं कौतुक केलं आणि दुकानादुकानात जाऊन, चष्मा कपाळावर सरकवून, स्वतःच्या हातानं प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये ते ॲप घालून दिलं. "आमच्या पोरीच्या परीक्षेचं हाय," एवढंच त्यांचं म्हणणं. तेवढ्यावर सगळे तयार झाले.

सकाळचं बटण सगळे दाबायचे. रात्रीचं कुणीच दाबेना. सगळं गाव झोपलं तरी नकाशावर पेठ आपली हिरवीगार. मार्गदर्शक आदिनाथ सर म्हणाले, "विसरतात असं म्हणू नकोस. दुकानदार कुलूप लावायला विसरतो का? जा, त्यांच्या शेजारी बसून बघ." पण ज्युरी तोंडावर आलेली, जायला वेळ कुणाला? तिनं सोपी वाट धरली. रोज संध्याकाळी सातला प्रत्येकाच्या मोबाइलवर टिंग वाजून एक प्रश्न येईल अशी सोय केली: 'तुमचं दुकान बंद झालं का?' खाली दोन बटणं, होय आणि नाही.

करायला गेली गणपती आणि झाला मारुती. ठिपके करडे झाले नाहीत, ठिपके जाऊच लागले. माणसं ॲपच काढून टाकत होती.

शुक्रवारी नकाशावर एकच ठिपका उरला, तिच्या वडिलांचा, अप्पांचा. तिच्या प्रश्नाला रोज उत्तर देणारे तेवढे एकच, आणि तेही चुकीचं द्यायचे. दुकान आवरून झालं तरी 'नाही'. उत्तरांच्या सगळ्या आलेखात त्यांची ओळ खुपायची, म्हणून तिनं सदोष नोंद ठरवून ती काढून टाकली होती. पण जिवाला खरी टोचणी होती ती वेगळीच. ती सोलापूरला शिकायला आल्यापासून रोज संध्याकाळी दुकानाच्या पायरीवरून अप्पांचा फोन यायचा आणि वाक्य ठरलेलं असायचं, "दुकान वाढवलं गं. निघालो घरी." या आठवड्यात तो एकदाही आला नव्हता. हिनं लावला की अव्वा, तिची आई, उचलायची, "बरं हायत की," म्हणायची आणि ठेवून द्यायची.

"उद्या मी जाते गावाला," भुवनेश्वरी म्हणाली.

"जाते न्हाय, येते म्हणावं," रेश्मा तोंडात घास असतानाच बोलली. भुवनेश्वरीचं लक्ष नव्हतं.

शनिवारी एसटीत ती खिडकीशी बसली, म्हणजे बसली म्हणायचं एवढंच. वळसंग येईपर्यंत तिनं मोबाइल इतक्यांदा काढला आणि ठेवला, की शेजारच्या बाईला राहवेना. "कुनाचं जास्त हाय का गं?" तिनं हळूच विचारलं. कुणी आजारी नाही, अशी भुवनेश्वरीनं मान हलवली. मनात घोकणं चालूच होतं. बटण मोठं आहे, रंग ठळक आहेत, अक्षर म्हाताऱ्यालाही वाचता येईल असं आहे. मग चुकलं कुठं? आणि अप्पा का रुसले?

मैंदर्गीत उतरून पेठेत शिरली तर वीरभद्रप्पांच्या किराणा दुकानाचं शटर भरदिवसा खाली. ते स्वतः बाहेर कट्ट्यावर, हात गळ्यात बांधलेला. तिनं नमस्कार केला, त्यांनी मान दुसरीकडं वळवली. पुढं अप्पांच्या समोरचं चनबसप्पांचं कापडदुकान. या माणसानं तिला लहानपणी खांद्यावर बसवून जत्रा दाखवली होती.

"काका, बरं हाय का?"

"हाय की. अजून बंद पडलं न्हाय," चनबसप्पा कापडाची घडी घालत म्हणाले.

"असं काय बोलताय?"

"मी कुटं बोलतोय? तुजं यंत्र बोलतंय. दिवे लावायच्या टायमाला, लक्षुमी यायच्या टायमाला रोज इचारतंय, दुकान बंद झालं का. दुसऱ्याच दिवशी वीरभद्रप्पाचं शटर अडकलं. वढाय गेला आन खांदा निखळला. बसलाय बघ, झालं बंद."

"काका, त्याचा आणि याचा काय संबंध?"

"काय बी न्हाय. मला बी कळतंय की, मी काय येडा न्हाय." त्यांनी घडी फळीवर ठेवली. "पन तू परीक्षेला निघालीस आन दारात कुनी इचारलं, नापास झालीस का, तर तुला कसं वाटंल? शिवप्पानं घालून दिलंय म्हणून आमी ठेवलं हुतं."

भुवनेश्वरीला सोमवार आठवला. तिनं रस्ता ओलांडला.

शिवप्पा गल्ल्यावर बसून एक पितळी तांब्या पुसत होते. तो आधीच लख्ख होता. लेकीला बघून चेहरा उजळला, पण लगेच त्यांनी तांब्याकडं पाहिलं. "आलीस व्हय? परीक्षा हाय न्हवं सोमवारी?"

"फोन का नाही केला, अप्पा?"

"केला असता तर तू इचारलं असतंस, सगळे कुटं गेले. म्या काय सांगू? परीक्षेच्या तोंडावर तुज्या डोक्याला कशाला ताप."

ती आत चटईवर बसली. संध्याकाळ झाली. अप्पांनी देवापुढं दिवा लावला, उदबत्ती ओवाळली. या वेळेला पूर्वी समोरून चहाची कपबशी यायची; आज कुणी आलं नाही. अंधार पडू लागला तशी चनबसप्पांनी आपली दुकानदारी आवरली. भुवनेश्वरी नकळत कान देऊन बसली, कारण लहानपणापासून या क्षणाला रस्त्यापलीकडून एक हाक यायची, "शिवप्पा, वाढवलं का?" आणि अप्पा म्हणायचे, "वाढवलं की!" मग दोघं बोलत बोलत घरी निघायचे. आज समोरचं शटर खाली आलं, कुलूप लागलं आणि चनबसप्पा इकडं न बघता चालू लागले. भुवनेश्वरी बाहेर आली; अप्पांनीही आपलं शटर ओढलं, पण दांडीवरचा हात न काढता ते त्यांच्या पाठीकडं बघत राहिले.

तेवढ्यात टिंग वाजलं. सात वाजले होते. सगळ्या पेठेत आता तो आवाज एकाच दुकानात वाजत होता.

अप्पांनी हात धोतराला पुसले, चष्मा नाकावर ओढला, मोबाइल डोळ्यांपासून लांब धरून प्रश्न वाचला आणि एका बोटानं बेतानं दाबलं: नाही.

"अप्पा, पण दुकान तर तुमी आता..."

"मग काय व्हय म्हणू?" अप्पांनी मोबाइल तिच्यापुढं धरला. "वाच की. बंद झालं का म्हणून इचारलंय. माज्या हातानं, माज्या दुकानाला व्हय म्हणू? बंद कशाला हुईल? मी वाढवलंय. उद्या सकाळी येतोय की."

"मग ॲप काढून का नाही टाकलं, सगळ्यांसारखं?"

"तुज्या परीक्षेचं हाय न्हवं. उत्तर न्हाय दिलं तर तुजेच मार्क जातील."

भुवनेश्वरी पायरीवर बसली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. रोज संध्याकाळी तो शब्द तिच्या कानात पडत होता. बांगडी फुटली असं ती स्वतःही कधी म्हणत नव्हती, वाढवली म्हणायची. नारळ वाढवायचा, दिवा वाढवायचा, दुकान वाढवायचं. आणि ॲप करायला बसली तेव्हा इतर सगळ्या ॲपमध्ये असतं म्हणून 'बंद' लिहून मोकळी झाली. रंगावर आठवडे घातले, शब्दावर एक मिनिटही नाही. वर तिच्या प्रश्नाला खरं उत्तर देणारा एकच माणूस होता आणि त्याला तिनं सदोष ठरवून काढून टाकलं होतं. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की अप्पांकडं बघवेना.

सातचा प्रश्न तिनं तिथंच, दुकानाच्या पायरीवर लॅपटॉप उघडून काढून टाकला. रात्रीच्या बटणावरचं 'बंद' पुसलं आणि 'वाढवलं' लिहिलं. अप्पांनी वाचलं, दाबलं. त्यांचा ठिपका करडा झाला, इतक्या दिवसांत पहिल्यांदा रात्रीसारखा वागला. पण दोघं घरी चालत निघाले तेव्हा अप्पा अजून मागं वळून समोरच्या कुलपाकडं बघत होते, आणि ते दुरुस्त करणारं बटण तिच्याकडं नव्हतं.

रविवारी सकाळी ती दुकानोदुकानी फिरली. वीरभद्रप्पांच्या पाया पडली. ते म्हणाले, "राहू दे, शटर जुनंच हुतं." सूर नरम नव्हता, पण बोलले. चनबसप्पांनी मोबाइल मागून घेतला, नवा शब्द वाचला, पुन्हा वाचला.

"हां. असं लिवायचं असतंय."

"परत घालून देऊ का, काका?"

"नगं." त्यांनी मोबाइल परत केला. "आन सांगायला तुज्या बापानं यायचं की. तो का न्हाय आला?"

"त्यांना तोंड दाखवायची लाज वाटतीया. माझ्यामुळं."

गिऱ्हाईक आलं होतं, चनबसप्पा त्याच्याकडं वळले.

सोमवारी ज्युरीपुढं भुवनेश्वरीनं नवं बटण आणि नकाशा मांडला. त्यावर एकच ठिपका. पुण्याहून आलेल्या परीक्षक बाईंनी भुवया वर केल्या. "वाढवलं म्हणजे तर वाढ झाली ना? माणूस गोंधळेल." शेजारचे परीक्षक हसून म्हणाले, "आमच्या सासरवाडीला असंच बोलतात." मग त्यांनी आलेखातल्या खुपणाऱ्या ओळीवर बोट ठेवलं, जी तिनं आदल्या रात्री परत आणून बसवली होती. "हा कोण रोज नाही, नाही, नाही म्हणतोय?"

"माझे वडील," ती म्हणाली. "मी त्यांचं उत्तर चुकीचं म्हणून टाकून दिलं होतं. चुकीचा माझा प्रश्न होता." आदिनाथ सर खिडकीबाहेर बघत होते, पण मान डोलावत होते.

निकाल लागला तो ना पास, ना नापास. प्रकल्प अपुरा, पण मुद्दा धरण्याजोगा. पेठेत बसून पुन्हा चाचणी घ्या आणि महिन्यानं या.

संध्याकाळी खोलीत पुन्हा येरझारा सुरू झाल्या. महिन्याचं तिला काही वाटत नव्हतं. ती मोबाइलकडं बघत होती, आणि मोबाइल गप्प होता. रेश्मानं ताट वाढलं, हाका मारून मारून शेवटी एकटीच जेवायला बसली. आणि मग वाजला.

"दुकान वाढवलं गं," अप्पा म्हणाले. "निघालो घरी. परीक्षेचं काय झालं?"

"मुदत वाढवली, अप्पा."

अप्पांनी जपून विचारलं, "वाढवली म्हंजे... आपल्यासारखी, का लोकांसारखी?"

"लोकांसारखी, अप्पा. महिना जास्त दिलाय."

"मग बरं," असं ते म्हणताहेत तोवर त्यांच्या मागून, रस्त्यापलीकडून, शटर खाली ओढल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ हाक आली. लांबून, पण स्वच्छ.

"शिवप्पा, वाढवलं का?"

अप्पांना फोनचं भान राहिलं नाही. "वाढवलं की!" ते तिच्या कानातच ओरडले. "थांब, आलोच!" आणि तिला घाईघाईनं, "येतो गं," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

"काय म्हणले?" रेश्मानं विचारलं.

"काही नाही. घरी निघालेत. दोघं." भुवनेश्वरीनं डोळे पुसले, मोबाइल खाटेवर पालथा टाकला आणि रेश्माच्या समोर मांडी घालून जेवायला बसली.