तळाचे अंथरूण

मी एक जुना बांबू आहे. दोन पुरुष उंच, टोकाला रबराची पट्टी गुंडाळलेला. पोहण्याच्या तलावाकाठी भिंतीला टेकून उभा असतो. मित्रांनो, तुमच्यातले बरेच जण मला घाबरतात. पण मी पाण्यात ढकलणारा नाही, पाण्यातून काढणारा आहे.

बांबूच्या बेटातून तोडून आणल्यावर मला शेकले, तेल पाजले. तेव्हा माझा केवढा मान होता! मला धरून सात जण वर आले. पुढे सगळे पोहण्यात पटाईत झाले आणि माझ्यावर ओले टॉवेल वाळत पडू लागले. असून अडचण, नसून खोळंबा!

इथे पोहायला शिकवणाऱ्या आमच्या सरांची एक रीत होती. बाहेर येणाऱ्याने पाणी कसे होते ते सांगायचे. 'छान', 'गार' चालत नसे. कशासारखे, ते हवे.

"बोथट ब्लेडनं दाढी केल्यासारखं," टेलरकाका म्हणत.

"पाय म्हणजे भिजलेली पोती," आणखी कुणी कुरकुरे.

सर खूश होत. सरांना कुरकुरच का आवडते, हे मला कळत नसे.

सरांची मुलगी मासोळी. एका श्वासात, पाण्याखालून तलाव दोनदा पार करायचा तिला ध्यास लागला होता. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "बाबा, छातीत कुणीतरी दार ठोठावत होतं."

"ठोठावू दे. जोरात ऐकू आलं की वर यायचं," सर हसले.

तिसऱ्या दिवशी ती वर आली तेव्हा तिचे ओठ निळे होते. "आज ठोठावणं थांबलं. दार उघडंच होतं. आत कुणीतरी माझ्यासाठी मऊ अंथरूण घातलं होतं."

काय सुंदर उपमा! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सर मात्र पांढरेफटक पडले.

"माझा दादा हेच म्हणाला होता," ते म्हणाले. "दुसऱ्या दिवशी त्याला याच तळावरून काढला. आजपासून पाण्याखाली जाणं बंद."

"पण बाबा, इतकं छान वाटत होतं!"

"म्हणूनच."

दुसऱ्या सकाळी सर पंपाच्या खोलीत गेले आणि तिने बुडी मारली. पाणी हलेना. एक बुडबुडा आला, मग तोही नाही.

"सर! मासोळी वर येईना!" टेलरकाका ओरडले.

सर धावले. माझ्यावरचे टॉवेल ओढून फेकण्यात किती क्षण गेले! त्यांनी मला खाली सोडले. ती तळाशी कुशीवर निजली होती, हसत. माझे टोक तिच्या हाताला लागले. मित्रांनो, झोपमोड करणाऱ्याला सारावे तसे तिने मला हळूच बाजूला सारले.

सरांनी उडी घेतली. काठावर तिच्या तोंडात श्वास फुंकला. बऱ्याच वेळाने ती खोकली, पाणी ओकली. सवयीनेच सरांच्या तोंडून गेले, "कसं होतं गं पाणी?"

"कशासारखंच नव्हतं, बाबा. मीपण नव्हते."

या वेळी कुणी टाळी वाजवली नाही. सर तिला पोटाशी धरून लहान मुलासारखे रडले.

मित्रांनो, पाणी झोंबते, टोचते, तोवर खुशाल पोहा. मऊ लागले की वर या. आणि माझ्यावर टॉवेल टाकू नका. तळाशी मी जे पाहिले ते मासोळीला सांगितलेले नाही, तुम्हाला सांगतो. तिच्यासाठी त्या अंथरुणावर कुणीतरी सरकून जागा केली होती. ती जागा अजून रिकामी आहे.