भाताखालची वाटी

रत्नमालेनं दादांच्या, म्हणजे वडिलांच्या, ताटात आधी एक वाटी पालथी घातली, तिच्यावर भाताचा पातळ थर चढवला आणि जपून थोडा रस्सा सोडला. ढीग खरा दिसत होता.

"हलली तर?" विमलाबाईंनी विचारलं.

"दादा कडेकडेनं खातील, आई. मटणावरच भर देतील."

तीन वर्षांपूर्वी दादांना साखरेचा आजार जडला. डॉक्टरांनी भात, गूळ, बटाटा बंद केला. भाकरी तेवढी अर्धी. अंबडच्या कारखान्यात ते डब्यात मेथीची भाजी आणि उकडलेली अंडी नेत. घराबाहेर मात्र हे बोलायचं नव्हतं. रत्नमालेचं मागचं स्थळ त्यावरूनच फिरलं होतं. घराण्यात आजार आहे, मुलीतही उतरेल, असा मध्यस्थाकरवी निरोप आला होता.

आज येवल्याहून नव्या मुलाचे मामा कारभारी आणि मामी भिमाबाई सोयरीक पक्की करायला आले होते.

बाहेरच्या खोलीत पानं मांडली. दादा सावकाश जेवत होते. कारभारींची नजर त्यांच्या ताटावर गेली.

"पाव्हणं, भात तर हाय तसाच हाय की!"

"हळू जेवायची सवय आहे, मामा."

"कारखान्यात भोंगा झाल्यावर बी असंच जेवता व्हय?"

सगळे हसले. दादाही हसले, आणि ढिगाच्या एका बाजूनं वाटीची कड चमकली. रत्नमाला पुढे झाली. वाकून तिनं त्या जागी चमचाभर भात टाकला.

"पोरगी बापाला लय जपती," भिमाबाई कौतुकानं म्हणाल्या. मग त्यांनी पिशवीतून फडकं काढून सोडलं. आत पुरणाचे मांडे होते, पहाटे उठून केलेले. कारभारींनी एक मांडा मोडला, दुधात बुडवला आणि दादांच्या तोंडापाशी नेला.

"घ्या. आता सोयरं झालो."

"पोट भरलं, मामा. खरंच."

कारभारींचा हात तिथंच राहिला. दूध मनगटावर ओघळलं. ते अजून हसत होते, पण आवाज उतरला होता.

"शहरात ऱ्हाऊन आमच्या हातचं चालंना का आता?"

दादांच्या वडिलांना गावात पाणी ओंजळीत, वरून मिळायचं. त्या खोलीतल्या प्रत्येकाच्या घरात असं कुणीतरी होऊन गेलं होतं. या प्रश्नावर 'नको' म्हणायची सोय नव्हती.

रत्नमालेनं तोंड उघडलं. मागून आईनं तिचं मनगट धरलं. घट्ट नाही, नुसतं धरलं. दादांनी एकदा मुलीकडे पाहिलं, मान किंचित हलवली आणि घास घेतला. मग दुसरा. मांडा संपेपर्यंत ते कारभारींकडे बघून हसत राहिले.

"आस्सं!" कारभारी म्हणाले. त्याच बैठकीत लग्नाची तारीख ठरली.

त्यानंतरच्या मंगळवारी सकाळी कारखान्याच्या फाटकापाशी दादा कोसळले ते उठले नाहीत. हृदय बंद पडलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. रत्नमालेनं मांड्याबद्दल विचारलं.

"तेवढ्यानं माणूस जात नाही," ते म्हणाले.

तिनं पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं.

पुण्यानुमोदनाला कारभारी आणि भिमाबाई आले. वंदना झाली, माणसं भिंतींना टेकून बसली.

"काय दुखणं-बिखणं हुतं का वो त्यांना?" भिमाबाईंनी हलकेच विचारलं.

"काही नव्हतं," विमलाबाई म्हणाल्या. त्यांची नजर लेकीवर होती. "अचानकच झालं."

"धडधाकट माणूस," कारभारींनी उपरण्यानं डोळे पुसले. "आधी मला वाटलं, ह्यो मोठ्या कंपनीतला, आमच्यासंगं जेवायला लाजतोय. पन मग माझ्या हातनं खाल्लं बिचाऱ्यानं. विमलाताई, तुमी घोर करू नका. पोरगी आमचीच हाय. लगीन ठरल्यापरमानं हुईल."

विमलाबाईंनी डोळे मिटले. कितीतरी दिवसांनी त्यांचे खांदे सैल झाले.

रत्नमाला दाराजवळून उठली आणि कारभारींसमोर येऊन बसली.

"मामा, दादा लाजत नव्हते."

"रत्ना," आई म्हणाली.

"तुमच्या हातचं नको, असं कधीच नव्हतं त्यांचं." तिचा आवाज साऱ्या खोलीत ऐकू जात होता. "दादांना साखर होती."