मागच्या खोलीतला जावई

प्रतापसिंहाला मुलगी नव्हती, पण घरी जावई मात्र बसायचा. मद्रासजवळच्या एन्नोरला, त्या सरकारी कारखान्याच्या कॉलनीत हे वाक्य कुणालाही विचारा, हसून सांगेल. मे महिना संपत आला, फुटबॉलच्या सह्यांचे दिवस आले, की कलकत्त्याची नाहीतर गोव्याची माणसं मद्रासला उतरायची. टीममधला चांगला खेळाडू हेरायचा, हॉटेलात न्यायचं, बिर्याणी चारायची आणि सही घ्यायची. मग कारखान्याच्या टीमचा सेक्रेटरी काय करायचा? तो त्या खेळाडूला आधीच उचलून आपल्या घरी मागच्या खोलीत बसवायचा. शेवटची तारीख निघून जाईपर्यंत पोरगं तिथेच. खायचं, झोपायचं, कॅरम खेळायचं. थाट सगळा जावयाचा, म्हणून नाव पण तेच पडलं.

आता कुणी म्हणेल, खोलीला काय कुलूप होतं? नव्हतं. पण दुसऱ्या राज्यात खेळायचं तर जुन्या टीमच्या सेक्रेटरीचं सही-शिक्क्याचं सोडपत्र लागतं, एनओसी म्हणतात ते. आणि मद्रासची जुनी रीत अशी, की खेळाडूनं समोर उभं राहून मागितलं तर नाही म्हणायचं नाही. मग त्यानं मागूच नये म्हणून काय करायचं? त्याला आपल्या ताटात जेवू घालायचं. ज्या घरची पुरणपोळी सात दिवस खाल्ली, त्या घरच्या माणसापुढे उभं राहून "मला सोडा" म्हणायला फार जाड कातडी लागते. तेव्हाच्या पोरांची तेवढी नव्हती.

सत्तर साली प्रतापसिंह स्वतः असाच बसला होता. तेव्हाचे सेक्रेटरी सेतुमाधवराव, अंगानं फाटके, आवाजानं वाघ. कलकत्त्याचा माणूस मिठाईचा डबा घेऊन कॉलनीभर फिरत होता आणि इकडे प्रतापसिंह मागच्या खोलीत चित्रान्न हाणत होता. शेवटच्या दिवशी सेतुमाधवरावांच्या बायकोनं त्याला कुंकू लावलं, नवी वेष्टी, म्हणजे धोतर, दिली, आणि सेतुमाधवराव त्याला हाताला धरून पर्सोनेल ऑफिसात घेऊन गेले. ऑर्डर तयार होती. स्टोअरमध्ये हेल्पर, पर्मनंट.

तिसऱ्याच वर्षी त्याचा गुडघा गेला. कलकत्त्याला असता तर त्याच आठवड्यात गाडीत बसवून दिला असता, कारण तिथे पैसा सीझनचा आणि सीझन पायाचा. इथे पाय गेला, पगार नाही गेला. क्वार्टर मिळालं, लग्न झालं, पुढे टीमची सेक्रेटरीकी आली. मग त्यानं पण जावई बसवले. एकेकाचं नाव घेतलं की अजून तोंडाला चव यायची. एक गोलकीपर होता, तो तर तारीख संपल्यावर पण उठेना. त्रिपुरसुंदरी, म्हणजे प्रतापसिंहाची बायको, शेवटी म्हणाली, "अहो, याला आता दत्तकच घ्या, नाहीतर रेशनकार्डावर तरी चढवा."

शेवटचा जावई चौऱ्याण्णव साली उठला. त्यानंतर दहा वर्षं मागच्या खोलीत तांदळाची पिंपं.

दोन हजार चारच्या मे महिन्यात प्रतापसिंहानं ती पिंपं हलवली.

कारण होतं रंगा. कारखान्याच्या कँटीनमध्ये आचारी होते, त्या रावांचा मुलगा. आचारी वारले, आई चंद्रिका पापड-वडाम घालून घर चालवायची. तंजावराकडची मराठी माणसं, तीनशे वर्षांची मद्रासी. पोरगं असं, की बॉल पायाला लागला की पायाचाच होऊन जायचा. गेल्या सीझनला टीम फर्स्ट डिव्हिजनमध्ये टिकली ती या एकट्याच्या जिवावर. आणि जनरल मॅनेजरनं स्पष्ट सांगितलं होतं, टीम खाली घसरली तर बंद करून टाकू. दिवाळीनंतर प्रतापसिंह रिटायर होणार होता. आपण उठायच्या आधी टीम मरू नये, एवढंच त्याचं म्हणणं. आणि नेमका याच वेळी गोव्याच्या एका क्लबाचा मकरंद नाईक नावाचा माणूस रंगासाठी दोन वर्षांचा करार घेऊन मद्रासच्या टी. नगरमधल्या लॉजमध्ये येऊन उतरला.

प्रतापसिंह त्याच संध्याकाळी रंगाच्या घरी गेला. "रंगा, पिशवी भर. घरी चल माझ्या."

रंगा वाकून पाया पडला. चंद्रिकानं पदरानं डोळे पुसले. प्रतापसिंहाला वाटलं, बघा, संस्कार म्हणतात ते हे.

चार दिवस छान गेले. रंगा शाकाहार पाळणारा, म्हणून त्रिपुरसुंदरीनं घरात मटण बंद ठेवलं. दह्यातली डांगर पच्चडी, चिंचेच्या कोळातलं वत्तकुळंबू, एक दिवस पुरणपोळी. प्रतापसिंह ताटाकडे बघून म्हणायचा, "जावईपण याचं आणि उपास माझा." बाहेर व्हरांड्यात दोघांचा कॅरम चालायचा. समोर खाडी, पलीकडे थर्मल पॉवरच्या चिमण्या, वाळत घातलेल्या वेष्टीवर राखेचा थर. कॉलनीतली म्हातारी माणसं मुद्दाम वाट वाकडी करून यायची, खिडकीतून डोकवायची. "बसला का जावई? लै वर्षांनी." प्रतापसिंहाची छाती दोन बोटं वाढायची. वाटायचं, ते दिवस गेले म्हणतात, कुठे गेले? इथेच तर आहेत, व्हरांड्यात.

पाचव्या दिवशी सकाळी चंद्रिका आली. हातात पितळी ताट, ताटात नारळ, विडे, केळी आणि जरीकाठाची वेष्टी.

"अण्णा, ही तुमाला," ती म्हणाली. "नाही म्हणू नका. ऑर्डर कधी हातात येते तेवढं सांगा. वालाजाबादचे मुलगीवाले रविवारी येतात म्हणतात."

"कसली ऑर्डर?"

चंद्रिका हसली, थट्टा करतायत असं वाटून. "पर्मनंटची की. मुलगीवाले तेच एक धरून बसले होते, मुलगा पर्मनंट असला तरच बोलू. आता मी सांगून टाकलं, प्रतापसिंह अण्णांनी घरात बसवला म्हणजे झालाच. आजवर त्या खोलीतून उठलेला कोण पर्मनंट झाला नाही, सांगा?"

प्रतापसिंहाच्या हातातला कॉफीचा पेला तसाच राहिला. त्रिपुरसुंदरीनं नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं आणि ताट चंद्रिकाच्या हातातून घेतलं. "ठेवते देवापाशी," एवढंच म्हणाली.

अर्धी रीत त्यानं उचलली होती. बसवायची. उठवताना द्यायचं असतं, ती अर्धी तो साफ विसरला होता. आणि बाकी सगळ्या कॉलनीच्या ध्यानात नेमकी तीच होती.

तो तसाच सायकल काढून पर्सोनेलला गेला. तिथे निधी नावाची पुण्याची मुलगी बसायची, त्याला काका म्हणायची. मराठी बोलायला मिळतं म्हणून चहा पाजायची.

"पर्मनंट?" ती म्हणाली. "काका, शेवटची ऑर्डर चौऱ्याण्णव सालची आहे. भरतीच बंद आहे वरून."

"स्पोर्ट्स कोटा आहे ना?"

"आहे. भिंतीवर आहे, फ्रेममध्ये. माणूस घेता येत नाही. रंगाचं अकरा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट पुन्हा करून देईन. मग पुढच्या वर्षी पुन्हा."

"आणि मध्येच पाय मोडला तर?"

निधी गळ्यातल्या ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळत म्हणाली, "ही बघा. तुमची निळी. माझी पिवळी. रंगाची पण पिवळी. पिवळीवाल्याचा पाय मोडला तर दोरी परत घेतात, काका."

प्रतापसिंहानं तिची दोरी कधी बघितलीच नव्हती. चार वर्षं हिच्या हातचा चहा पितोय आणि ही पण अकरा महिन्यांची.

परत येताना मैदान लागलं. तो सायकल टेकवून उभा राहिला. सेतुमाधवरावांनी त्याला धरून ठेवलं ते फुकट नव्हतं. कलकत्ता एका वर्षाचा पैसा देत होतं, हा माणूस जन्माची भाकरी देत होता. म्हणून खोलीत बसण्यात लाज नव्हती. आता गोवा दोन वर्षांचा लेखी करार देत होता, इथला सहा महिन्यांचा पगार तिथे एका महिन्यात. आणि आपण काय देतोय? डांगर पच्चडी.

घरी आला तेव्हा रंगा जेवत होता. तोंड उघडणार तेवढ्यात त्रिपुरसुंदरीनं डोळ्यानंच दटावलं. ताक-भात होईपर्यंत तो भिंतीला टेकून बसला. रंगानं हात धुतले तसं म्हणाला, "रंगा, ऑर्डर नाही येणार."

"उशीर होतो का सार? सरी, ठीक आहे, मी थांबतो की."

"उशीर नाही. येणारच नाही. भरती बंद आहे."

रंगा पंच्यानं हात पुसत राहिला. वाळले तरी पुसत राहिला. "मग मला का बसवलं, सार?"

"लपवायला. गोव्याच्या माणसापासून."

"त्याला तर मीच नको म्हणालो. पहिल्याच दिवशी, कोपऱ्यावरच्या बूथवरून फोन केला. म्हटलं, सारनं घरात बसवलं, आता माझं सगळं झालं." त्याचा आवाज चढला नाही. "मी कुठे पळत होतो, सार? तुमी बसवलं, मी बसलो."

शिव्या दिल्या असत्या पोरानं, तर बरं झालं असतं.

"एनओसी माग," तो म्हणाला.

रंगा पंच्याची घडी घालायला लागला.

"अरे, माग ना. समोर उभा आहेस, माग. आज शेवटची तारीख आहे."

"नाही मागवत, सार. पाच दिवस जेवलो."

तेवढं ऐकून त्रिपुरसुंदरीच उठली. कपाटातून टीमचा शिक्का आणि शाईची डबी आणून नवऱ्यापुढे आदळली. "तो नाही मागणार. माझ्या हातचं खाल्लंय त्यानं. तुमी न मागता द्या, आणि लवकर, संध्याकाळी ऑफिस बंद होतं." मग देवापाशी जाऊन कुंकवाची कोयरी आणली, रंगाच्या कपाळाला बोट टेकवलं, आणि चंद्रिकाचीच वेष्टी त्याच्या पिशवीत कोंबली. "जावयाला रिकाम्या हातानं उठवत नाहीत या घरात."

दोन बसा बदलून दोघं टी. नगरला पोचले तेव्हा शर्ट पिळून काढावे असे झाले होते. साड्यांच्या दुकानांच्या गर्दीतून लॉज शोधलं. मकरंद नाईक बॅग भरत होता. तिशीचा, कानाला मोबाइल, बोलणं गोड.

"अरे, तुम्ही मराठी?" तो प्रतापसिंहाला म्हणाला. "कुठलं हो हे मराठी?"

"राजांच्या भावाबरोबर आलो होतो तंजावरला. परत जायची बस चुकली. करार काढा."

मकरंदनं करार काढला. प्रतापसिंहाला इंग्रजी बेताचंच, पण त्यानं एकच विचारलं, "पाय मोडला तर काय?"

"म्हणजे?"

"मोडतो हो पाय. माझा मोडला. पगार चालू राहणार का बंद?"

"काका, करारात असं कुणी लिहीत नाही. खेळला तर पगार."

प्रतापसिंहानं खिशातून सोडपत्र काढलं, सही केलेलं. शिक्का टेबलावर ठेवला, डबी उघडली, आणि शिक्का शाईत बुडवून नुसताच हातात धरून बसला. "मग बिनशिक्क्याचंच न्या."

"काका, चार वाजून गेलेत."

"मला रिटायर व्हायला दिवाळीपर्यंत वेळ आहे. मी बसतो."

मकरंद हसला, मग हसायचा थांबला. बाहेर जाऊन फोनवर बराच वेळ कुणाला तरी कोंकणीत समजावत राहिला. आत आला आणि कराराच्या तळाशी स्वतःच्या हातानं लिहिलं, वाचून पण दाखवलं: मैदानात दुखापत झाली तर करार संपेपर्यंत पगार आणि औषधपाणी क्लबाचं. "दोन वर्षांपुरतं हं. जन्माचं नाही देऊ शकत."

"जन्माचं आता आम्ही तरी कुठे देतो," प्रतापसिंह म्हणाला आणि शिक्का उमटवला.

रंगानं सही केली. स्टेडियमवरच्या फुटबॉल असोसिएशनच्या ऑफिसात कागद जमा करायचे म्हणून मकरंद रिक्षा बघायला धावला, तेव्हा रंगा म्हणाला, "सार, टीम घसरेल."

"घसरेल."

"बंद करतील."

"तू गोल मार रे. टीमचं म्हातारे बघतील. आणि वालाजाबादवाल्यांना मी जाऊन भेटतो. सांगतो, मुलाचा पाय लेखी आहे." रिक्षात बसताना त्यानं हळूच पोराचा गुडघा चाचपून बघितला, गिऱ्हाईक नारळ बघतं तसा.

टीम त्या वर्षी घसरलीच. मॅनेजर शब्दाचा पक्का निघाला. पण ते नंतर. दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिसला प्रतापसिंह नेहमीसारखा शिट्टी घेऊन उभा होता. खाडीवरून वारा येत होता, फॉरवर्ड लाइनमध्ये मधली जागा मोकळी. कुंपणापलीकडून एका पेन्शनर म्हाताऱ्यानं हाक मारली, "काय प्रतापसिंह, जावई दिसत नाही? आठवडा व्हायच्या आत उठला?"

"उठला," प्रतापसिंह म्हणाला. "गोव्याला नांदायला धाडला."

म्हातारा हसत हसत गेला. प्रतापसिंहानं शिट्टी तोंडात धरली आणि मधल्या जागेत कुणाला उभं करायचं ते बघायला लागला. घरी मागच्या खोलीत पिंपं परत लावायची त्याला घाई नव्हती. मटणाची मात्र होती.